कोहळं

मागच्या नोव्हेंबरात मी एक कोहळं ५०१ रुपयांना घेतलं. मध्य प्रदेशात बैतूलकडे असलेल्या सासुरवाडीच्या चर्चमध्ये, कापणीच्या सणाच्या लिलावात. पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते आमचं कोहळं. हे चांगलं सहा-सात किलोचं होतं, बुडाशी पिवळट आणि वर राखेसारखी पांढरी साय धरलेलं. वेदीसमोर सतरंजीवर सगळ्या गावाचा माल मांडला होता. मक्याची कणसं, तुरीच्या ओल्या शेंगा, लसणाच्या वेण्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंडी, कुणाच्या तरी झाडाची बारकी संत्री आणि बाकाच्या पायाला बांधलेला एक कोंबडा. पास्टरसाहेबांनी मालावर हात पसरून प्रार्थना केली आणि मग वनखात्यातून निवृत्त झालेले एक काका उभे राहून लिलाव पुकारायला लागले. प्रत्येक ‘दो बार’नंतर कोंबडा आरवायचा आणि पोरं खिदळायची. मी जावई, त्यामुळे मला पुढे प्लास्टिकची खुर्ची. अख्ख्या चर्चमध्ये खुर्च्या दोनच, एक पास्टरसाहेबांना आणि एक मला.

कोहळं आलं तेव्हा बायकांच्या बाजूने आवाज आला, “दहा.” तो मोठीबाईचा. माझ्या बायकोची ती लांबची आत्या, पण सगळं गाव तिला मोठीबाईच म्हणतं. काकांनी ‘एक बार, दो बार’ इतक्या घाईने म्हटलं की जणू पुकारणं नावापुरतंच होतं. माझ्या डोक्यात वेगळंच चाललेलं. कौलं फुटलेली, पावसाळ्यात वेदीवर पाणी ठिबकतं, आणि असलं कोहळं दहा रुपयांत? मी म्हटलं, “पन्नास.” लोक हसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, “साठ.” मी शंभर. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पदराची गाठ सोडली, आतले पैसे तळहातावर घेऊन मोजले आणि हळूच म्हणाली, “एकशे दहा.” आणि मी, बँकेत तेहतीस वर्षं काढलेला माणूस, मोठ्या रुबाबात म्हणालो, “पाचशे एक!” वाटलं होतं टाळ्या पडतील. काका ‘तीन बार’ म्हणायला फार वेळ लावत होते. कोंबडासुद्धा नेमका तेव्हा गप्प होता. मोठीबाईने पैसे परत पदरात ठेवले आणि गाठ मारली, घट्ट, दोनदा.

ती गाठ वर्षभर माझ्या डोळ्यांसमोरून गेली नाही.

कोहळं नागपूरला आलं. बायकोने त्याची बोंडं केली, गूळ घालून, वेलची घालून. तळणीचा तो वास जिन्यात भरला की शेजारचे दार उघडतात हे आमच्या इमारतीत ठरलेलं आहे. सगळ्या घरांना वाटून झाली. उरलेल्या फोडींची दोन दिवस भाजी. आतला बियांचा बुळबुळीत गर मी स्वतः, मदत करतोय या थाटात, ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली आणि घेऊन गेली. मंगळवारीच संध्याकाळी बायको तिच्या चुलतबहिणीशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता तिने गॅस बंद केला. फोन ठेवून म्हणाली, “अहो, ते मोठीबाईचं बियाण्याचं कोहळं होतं.” लिलाव चालू होता तेव्हा बायको चर्चमागे भाताच्या गंजापाशी होती, तिला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग कुणीतरी सांगायचं ना तिथल्या तिथे. ती म्हणाली, “जावयाला कोण सांगेल?”

मोठीबाईचा रिवाज असा. वेलावरचं सगळ्यात चांगलं कोहळं ती मोडत नाही, पिकू देते. कापणीच्या सणाला ते देवाला वाहते आणि लिलावात दहा रुपयांना सोडवून घेते. मग ते घरात माळ्यावर राहतं, उन्हाळ्यात फुटतं, बिया राखेत घोळून गाडग्यात जातात आणि पहिल्या पावसाला जमिनीत. तिच्या सासूपासून हे चालू. सासू सांगायची की मूळ बी मिशनच्या एका स्वीडिश मडमेने दिलं होतं. मला हे पटत नाही. कोहळं मुळात अमेरिका खंडातलं आणि स्वीडनच्या थंडीतून ते बैतूलला येण्याचं काही कारण नाही. कुठल्या तरी आठवडी बाजारातलं असेल. पण ज्या गावात शाळा, दवाखाना, ‘अ आ इ’ सगळंच मडमेने दिलं, तिथे कोहळंही तिच्याच खात्यावर जमा होणार. आणि त्या दहा रुपयांवर दरवर्षी कुणीही बोली लावत नाही, हा अलिखित नियम. तो मला सोडून गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

आमचं घराणं नागपूरच्या स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडच्या, मिशनचं. त्या मिशनचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले आणि १८६३ मध्ये बोरीजवळच्या नाल्याच्या पुरात बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही सिव्हिल लाइन्समध्ये उभं आहे. आम्ही त्या परंपरेतले, म्हणजे साध्या भिंतींचे, लांब उपदेशांचे आणि वेळेवर सुरू होणाऱ्या उपासनेचे लोक. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आठवते ती फक्त गर्दी आणि वडिलांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाचा वास. वडील पुढे कित्येक वर्षं सांगायचे, आता सगळे एक. ते अर्थात खरं नव्हतं. लूथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या वळणाचे लोक, त्यात आले नव्हते. आणि लूथरन कुठे दूर नव्हते. सावनेर, पांढुर्णा, घाट चढला की मुलताई आणि पुढे अर्ध्या-पाऊण तासावर माझी लूथरन सासुरवाडी. १८७७ मध्ये स्वीडनचे लूथरन मिशनरी मध्य प्रांतात उतरले आणि सागर, नरसिंहपूर, छिंदवाडा, बैतूल या पट्ट्यात पसरले. तेव्हा नागपूर आणि बैतूल एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला नकाशावर रेघ पडली आणि सासुरवाडी परप्रांतात गेली. गावातल्या म्हाताऱ्या अजून नागपूरला ‘राजधानी’ म्हणतात, आणि ते अगदी चूक आहे असंही नाही, कारण दाताच्या डॉक्टरपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळं नागपूरलाच.

सोयरीक ठरत होती तेव्हा सासरे पगाराचं, घराचं काही बोलले नाहीत. चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, “प्रभुभोजनात जे हातावर पडते, ते तुमच्याकडे काय असते?” प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणावरून आलेला, चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी. मी गडबडलो. म्हटलं, भाकर असते, प्रभूची आठवण म्हणून. आम्हाला साधारण असंच शिकवलेलं की भाकर भाकरच राहते, ख्रिस्त आत्म्याने आपल्यात हजर असतो. सासऱ्यांनी बशीतला चहा संपवला. मी विचारलं, “आणि तुमच्याकडे?” “शरीर.” “मग भाकर नसते?” “भाकर असतेच नं.” “दोन्ही कसं असेल?” “ते मले काय इचारता जी? त्यानं म्हटलं आहे, म्हणजे आहे.” नंतर मी वाचलं, तेव्हा कळलं की सासऱ्यांनी ४५० वर्षांपूर्वीचं भांडण जसंच्या तसं माझ्यासमोर मांडलं होतं. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गच्या किल्ल्यात लूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. लूथरने टेबलावर खडूने लिहिलं, ‘हे माझे शरीर आहे’, आणि वर मखमलीचं कापड टाकलं. झ्विंग्लीचं म्हणणं, इथे ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’. लूथर ‘आहे’वरून हलला नाही. पंधरा कलमांपैकी चौदा जुळली, पंधराव्यावर दोघं कायमचे वेगळे. सासरे कधी मारबुर्गचं नाव ऐकलेले नव्हते. त्यांना फक्त ‘आहे’ माहीत होतं.

सुरुवातीची काही वर्षं मी त्या चर्चमध्ये जरा वरून पाहत बसायचो, हे कबूल करायला हवं. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, लोखंडी सळईने बडवायचा. चपला बाहेर, पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. वेदीवर दोन मेणबत्त्या आणि कृसावर टांगलेला येशू, जो आमच्या स्कॉच डोळ्यांना जरा जास्तच रोमन वाटायचा. दारावर लूथरचं गुलाबाचं चिन्ह: काळा कृस, तो लाल हृदयात, ते पांढऱ्या गुलाबात, मागे निळं आकाश आणि भोवती सोनेरी कडं. गावच्या पेंटरने गुलाब कधी पाहिला नसावा किंवा त्याचा हात एकाच फुलावर बसलेला असावा. त्याने चक्क कमळ काढलंय. निवडणूक आली की गावात त्यावरून एक ठरलेला विनोद होतो, आणि पास्टरसाहेब दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात. त्यांच्याकडे अशी पाच गावं. महिन्यातून एका रविवारी मोटरसायकलवर येतात, डिकीतून पांढरा झगा काढून झटकतात, गळ्यात त्या ऋतूच्या रंगाचा पट्टा घालतात. बाकी रविवारी गावातलाच एक प्रचारक वाचन करतो. सतरा घरं. पोरं पीथमपूरला, पुण्याला, काही नागपुरात माझ्याच ओळखीने चिकटलेली. एरवीच्या रविवारी वीस माणसं आली तरी पुष्कळ.

पण एक गोष्ट पहिल्याच वेळी मला टोचली आणि अजून टोचते. उपासनेच्या सुरुवातीला सगळे मिळून पापांगीकार, म्हणजे आपल्या पापांची कबुली, म्हणतात, तो आमच्याकडेही आहे. त्यानंतर आमचे पाळकसाहेब क्षमेचं वचन वाचून दाखवतात आणि आम्ही पुढे सरकतो. इथे पास्टरसाहेब मंडळीकडे तोंड करतात, हात वर करतात आणि सरळ सांगतात की प्रभूच्या आज्ञेवरून मी तुम्हाला तुमच्या सर्व पापांची क्षमा देतो. ‘मी’, ‘तुम्हाला’, ‘देतो’. झालं. ना हप्ता, ना तारण, ना जामीनदार. आयुष्यभर कर्जाच्या फायली पाहिलेल्या माणसाला हे फार सैल वाटतं. इतक्या लवकर? गेल्या आठवड्यात बांधावरून भांडलेले दोन भाऊ शेजारी शेजारी मान खाली घालून उभे असतात, क्षमा मिळते, सोमवारी बांध तिथेच असतो आणि भांडणही. मी एकदा सासऱ्यांना हे बोललो. ते म्हणाले, “मंगं? रविवारी पुन्हा येतीलच नं.” लूथरन मंडळी माणसाला एकाच वेळी पापी आणि नीतिमान मानतात, हे त्यांच्या धर्मशास्त्रातलं मोठं सूत्र. सासऱ्यांच्या गावात त्याचा पुरावा दर रविवारी बाकावर बसलेला असायचा.

मोठीबाई शिकलेली नाही. चौथीपर्यंत मिशनच्या शाळेत गेली असेल. पण लूथरची लघु प्रश्नोत्तरी तिला हिंदीत तोंडपाठ आहे, दृढीकरणासाठी, म्हणजे मुलांनी मंडळीसमोर आपला विश्वास जाहीर करायच्या विधीसाठी, घोकलेली. हे पुस्तकही १५२९ चंच; मुलं आणि साधी माणसं यांच्यासाठी लूथरने लिहिलेलं. प्रत्येक आज्ञेनंतर, प्रत्येक विनवणीनंतर एकच प्रश्न: ‘इसका क्या अर्थ है?’ घरी रात्री वीज गेली की ती नातवंडांना तसंच विचारते, पाढे म्हणवून घ्यावेत तसं. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ येतं. आता भाकरीचा अर्थ काय सांगायचा, भाकर म्हणजे भाकर. पण लूथरची यादी ऐकण्यासारखी आहे. अन्न, पाणी, कपडे, चपला, घर, शेत, गुरं, पैसा, चांगला नवरा-बायको, धड पोरं, धड सरकार, चांगलं हवामान, शांतता, आरोग्य, नाव, चांगले मित्र आणि विश्वासू शेजारी. सगळं भाकरीत. ती यादी म्हणताना मोठीबाई ‘गुरं’पाशी गोठ्याकडे आणि ‘शेजारी’पाशी नाल्यापलीकडे बोट दाखवते. तिकडे एक गोंड कुटुंब राहतं, बडादेव मानणारं. त्यांच्या घरची म्हातारी आणि ही लहानपणापासूनच्या मैत्रिणी. एकमेकींच्या देवाबद्दल दोघींनी सत्तर वर्षांत काय बोलून ठेवलंय देव जाणे, पण सरत्या पावसात एकीच्या वेलाचं कोहळं दुसरीच्या कुंपणावर लोंबत असतं.

हे शेजारपण हल्ली जरा जपून वागतं, तेही सांगायला हवं. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली नागपुरातच छापला गेला. धर्मांतरावर बंधनं घालणारा मध्य प्रदेशाचा धर्म स्वातंत्र्याचा कायदा १९६८ चा, नवा २०२१ चा. आता चर्चमध्ये कुणी अनोळखी माणूस मागच्या सतरंजीवर येऊन बसला की प्रचारकाचं वाचन अडखळतं. पूर्वी कापणीच्या सणाचं जेवण अख्ख्या गावाला असायचं. आता पास्टरसाहेब म्हणतात, जेवण ठेवा, पण पंगत घरोघरी द्या, चर्चच्या आवारात नको. नाल्यापलीकडची म्हातारी याला जुमानत नाही. ती येते आणि मागच्या दारापाशी बसून जेवते. तिला विचारलं तर म्हणते, मी देवाकडे नाही आले, भाताकडे आले.

मुळात हा लिलावच मला कधी नीट पचला नव्हता, हे इथे लिहायला हरकत नाही. ३१ ऑक्टोबर १५१७ ला लूथरने भांडण काढलं तेच देवाच्या दारात चाललेल्या विक्रीवरून. पैसे टाका, पापाची शिक्षा माफ करून घ्या. या धंद्याविरुद्ध त्याचे ९५ मुद्दे. आणि त्याच्याच नावाच्या चर्चमध्ये, त्याच्या गुलाबाखाली, म्हणजे कमळाखाली, बोली पुकारायची? लग्नानंतर मी हे एकदा बोलून दाखवलं होतं आणि स्वतःवरच खूश झालो होतो. आमच्या नागपुरातही कापणीच्या सणाला लिलाव होतो, पण तिथे ते सरळ वर्गणी काढणं असतं, हजाराचा केक पाच हजाराला जातो, आपण टाळ्या वाजवतो आणि पाळकसाहेब नाव घेतात. मी तोच हिशोब घेऊन त्या गावात बसलो होतो. मोठीबाईचा हिशोब वेगळा. कोहळं देवाचं; ते पहिले त्याच्या घरी जायला हवं, मग आपल्या घरी. दहा रुपये ही त्याची किंमत नव्हेच. गाडीभाडं म्हणा. तिथे ५०१ म्हणजे देणगी नव्हती, आगाऊपणा होता.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. मी कॉटन मार्केटजवळच्या दुकानातून संकरित कोहळ्याच्या बियांची पाकिटं घेतली होती, चार वेगवेगळ्या कंपन्यांची, चकचकीत, वर बंगळुरूचा पत्ता. बायको म्हणाली नका नेऊ. मी नेली. एक साडीही होती. मोठीबाई अंगणात तूर बडवत होती. साडी घेतली, पोत पाहिला, “बरी हाय” म्हणाली आणि खाटेवर ठेवली. पाकिटं उलटसुलट करून तिने नातवाला वाचायला लावली. “ह्याचं बी धरता येते का?” नातू म्हणाला, नाही आजी, दरवर्षी नवीन घ्यावं लागते. तिने पाकिटं मला परत दिली. मग मी ते बोललो. रस्ताभर जमवलेलं सगळं भाषण घाटातच विसरलो होतो, तेव्हा एवढंच निघालं की मोठीबाई, मला माहीत नव्हतं, चुकलंच माझं.

आपल्याकडे अशा वेळी समोरचा माणूस म्हणतो, छे छे, त्यात काय एवढं. मी त्या ‘छे छे’ची वाट पाहत होतो. मोठीबाई म्हणाली, “हो, चुकलं. सासूपासूनचं होतं ते.” आणि तुरीवर काठी आपटली. चार-पाच काठ्या झाल्यावर वर न बघता म्हणाली, “माफ हाय. च्या घेऊन जाजा.” माफ हाय. पास्टरसाहेबांसारखंच, सरळ, ‘पण’ न जोडता. मी पाकिटातून ५०० ची नोट काढली, ती का काढली हे मला आजही कळत नाही, आणि नातवाच्या हातावर ठेवायला गेलो. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की नोट परत पाकिटात गेली. चहा फार गोड होता. परतीच्या वाटेवर बायको पांढुर्ण्यापर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, “तुम्हाला कुणी काही फुकट दिलेलं सहनच होत नाही.” हे तिने मला लग्नानंतर पहिल्यांदाच सांगितलं असं नाही, पण त्या दिवशी वळणावर गाडी जरा हलली.

लूथर १५४६ च्या फेब्रुवारीत वारला. मरायच्या दोन दिवस आधी लिहिलेल्या चिठ्ठीचा शेवट असा: आपण भिकारी आहोत, हेच खरं. अर्धं वाक्य जर्मनमध्ये, अर्धं लॅटिनमध्ये. मी हे कुठेतरी वाचून सासऱ्यांना सांगितलं होतं, ते गेले त्याच्या आदल्या वर्षी. त्यांना आवडलं नाही. म्हणाले, एवढा मोठा माणूस आणि भिकारी काय म्हणतो स्वतःला. मग प्रभुभोजनाला गुडघे टेकताना त्यांनी नेहमीसारखे हात पुढे केले, उजवा डाव्यावर, दोन्ही उघडे. आमच्याकडे आपण बाकावर बसून ताटलीतला तुकडा स्वतः उचलतो. इथे उचलायचं नाही. हातावर पडेपर्यंत थांबायचं. मला पहिली कित्येक वर्षं हात इतका वेळ रिकामा पसरून ठेवायला अवघड वाटायचं. वाटायचं सगळे बघतायत.

पावसाळ्यात फोनवर कळलं की मोठीबाईने बी लावलं. नाल्यापलीकडच्या मैत्रिणीकडे होतं. तिला कधीतरी हिनेच दिलेलं, आठ-दहा वर्षांपूर्वी. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या रात्री बायकोला घेऊन सदरमध्ये आइस्क्रीम खायला गेलो. पण कोहळ्याचं असं असतं की शेजारी दुसऱ्या जातीचा वेल असला की मधमाश्या सोवळं पाळत नाहीत. पलीकडच्या वेलात इतक्या वर्षांत काय काय मिसळलं होतं. या वर्षी आलं ते कोहळं लांबट, गळ्याशी वाकडं, फिक्या सालीचं. आम्ही नोव्हेंबरात पोचलो तेव्हा आदल्या रात्री तिने एक फोडून भाजी केली होती. मला वाढली. मी म्हटलं, छान झालीय. “पाणी हाय त्यात,” मोठीबाई म्हणाली. “चव तशी नाही. आता तसं नाही होत ते.” आणि आणखी एक पळी वाढली.

दुसऱ्या दिवशी लिलाव. तीच सतरंजी, दुसरा कोंबडा. मला पुन्हा खुर्ची. मी नको म्हटलं तर पोरं रुसली, म्हणून बसलो. वाकड्या गळ्याचं कोहळं वर आलं तशी मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मोठीबाईने दहा म्हटलं. काकांनी ‘एक बार’ म्हटलं आणि थांबले. चांगले थांबले. चर्चमधली सगळी डोकी माझ्याकडे वळलेली, आणि मागच्या दारापाशी बसलेली ती पलीकडची म्हातारी तोंडात पदर धरून हसत होती. “जावईबापू?” काका म्हणाले. मी मान हलवली. तेव्हा जो हशा पिकला तो पास्टरसाहेबांनाही आवरला नाही. कोंबड्याने सुद्धा हात धुऊन घेतले. कोहळं दहा रुपयांना सुटलं. मोठीबाईने पदराची गाठ सोडली, नोट ताटलीत टाकली.

निघताना मी गाडी वळवत होतो तर ती ते कोहळं काखेत घेऊन उभी. डिकी उघडायला लावली. मी म्हटलं, अहो मोठीबाई, हे तर बियाण्याचं. ती म्हणाली, हो, म्हणूनच. “एकाच घरी ठेवलं का असं होते. बिया धुऊन, राखेत घोळून ठेवजा. पाच घरी देजा.” मी म्हटलं, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, मोठीबाई, कुठे लावू? राख तरी कुठून आणू? “ते तुमी पाहा,” ती म्हणाली आणि डिकीचं झाकण दोन्ही हातांनी आपटून बंद केलं.

घाट उतरताना ते मागे सुटं झालं. वाकड्या गळ्यामुळे ते धड गडगडतही नव्हतं, प्रत्येक वळणाला अर्धी गिरकी घेऊन धप्पकन आपटायचं. बायको म्हणाली, थांबवा, काहीतरी टेकू लावा त्याला. पांढुर्णा येऊ दे, मी म्हटलं. पांढुर्णा आलं, गेलं.